सेंसर नवा, तरी केक करपतो: ओव्हनचं तापमान नेमकं कुठे चुकतं?

प्रश्न सांगलीच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: "कपाटात बसवलेला बिल्ट-इन इलेक्ट्रिक ओव्हन आहे, सहा वर्षं झाली. मी घरून केकच्या ऑर्डरी घेते. गेले दोन महिने १८० वर लावलेला केक कडेने आणि वरून करपतो, मधे कच्चा राहतो. नानकटाई वेळेआधीच काळी पडते. अधूनमधून ओव्हन चांगला तापलेला असताना एरर येतो आणि सगळं बंद पडतं. गार झाला की पुन्हा चालू. मेकॅनिकने सेंसर वीक झालाय म्हणून बदलला, पण काही फरक नाही. आता तो कार्ड बदलायला सांगतोय. ओव्हनच्या किमतीच्या मानाने कार्ड फार महाग पडतंय. बदलू का?"

ताई, कार्ड, म्हणजे ओव्हन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, एवढ्यात बदलू नका. तुम्ही दोन लक्षणं लिहिली आहेत आणि दोन्ही महत्त्वाची आहेत. ओव्हन लावलेल्या तापमानापेक्षा जास्त तापतोय, आणि एरर फक्त तापल्यावर येतो, गार झाल्यावर जातो. सेंसर नवीन बसवूनही हे तसंच राहिलं असेल, तर माझा पहिला संशय सेंसरपासून कार्डापर्यंत जाणाऱ्या दोन वायरींवर आहे. हा संशय खरा की खोटा, ते साध्या मल्टीमीटरने कळतं. त्यासाठी नवा पार्ट विकत घ्यायची गरज नाही.

आधी सेंसरचं काम समजून घ्या, म्हणजे मेकॅनिकशी बोलताना अडणार नाही. अशा ओव्हनमध्ये बहुतेक वेळा पीटी १००० जातीचा सेंसर असतो. स्टीलच्या बारीक नळीत प्लॅटिनमचा सूक्ष्म रेझिस्टर आणि त्याच्या दोन वायरी, बस. तापमान वाढलं की प्लॅटिनमचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो, आणि तो किती वाढतो हे अगदी ठरलेलं आहे. रोध ओहममध्ये मोजतात. प्लॅटिनमच्या या गुणावर थर्मामीटर करता येईल हे सीमेन्स यांनी १८७१ मध्ये मांडलं. आज या सेंसरचे आकडे आयईसी ६०७५१ या मानकात ठरलेले आहेत. ० अंशाला १००० ओहम, २८ अंशाला ११०९, १०० अंशाला १३८५, १५० ला १५७३, १८० ला १६८५, २०० ला १७५९, २५० ला १९४१. कार्ड फक्त हा ओहमचा आकडा बघतं. १६८५ दिसले की त्याच्या लेखी १८० झाले, आणि ते हीटर बंद करतं. केक, भांडं, दार यातलं काही त्याला दिसत नाही.

आता "सेंसर वीक झालाय" या निदानाबद्दल. मी हे वाक्य बाजारात सतत ऐकतो आणि दर वेळी अस्वस्थ होतो, कारण त्यामुळे लोकांचे पैसे जातात. प्लॅटिनम सेंसर हळूहळू अशक्त होत नाही. मानकातल्या साध्या, म्हणजे बी वर्गाच्या सेंसरलाही १८० अंशाला जेमतेम १.२ अंशाची चूक मान्य आहे. घरातल्या ओव्हनमध्ये तो वर्षानुवर्षं या हद्दीच्या आसपासच राहतो. तो बिघडतो तेव्हा सहसा सरळ तुटतो, म्हणजे रोध अनंत होतो आणि कार्ड लगेच एरर देतं. किंवा नळीच्या तोंडातून ओल आत शिरते आणि आकडा खाली येतो. तीस-चाळीस अंशांचा फरक दोन महिने टिकत असेल, तर सेंसरच्या आजूबाजूला शोधायला हवं.

कुठे शोधायचं हे चुकीच्या दिशेवरून कळतं. सेंसरच्या वाटेत कुठे गंजलेला किंवा सैल जोड असेल, तर त्याचा रोध सेंसरच्या रोधात मिळवला जातो. कार्डाला वाटतं, ओव्हन जास्त गरम आहे, म्हणून ते हीटर लवकर बंद करतं. परिणामी ओव्हन कमी तापतो. १८० च्या जवळपास दर अंशाला साधारण ३.७ ओहम वाढतात, म्हणजे १०० ओहमचा खराब जोड जवळपास २७ अंश चोरतो. कोकणात आणि मुंबईत खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, तिथे केक फिका राहण्याची तक्रार जास्त येते ती यामुळे.

तुमची तक्रार उलटी आहे. ओव्हन जास्त तापतोय, म्हणजे कार्डाला आकडा कमी पोचतोय. जोड सैल असल्याने आकडा कधीच कमी होत नाही. आकडा कमी व्हायला दोन वायरींच्या मधून थोडी गळती व्हावी लागते. ओव्हनच्या मागच्या बाजूला या वायरी तापलेल्या पत्र्याला टेकून जातात. वरचं ग्लास फायबरचं आवरण तेलकट वाफेने भिजतं, भाजतं, काळं पडतं. असं जळकं, तेलकट, दमट आवरण दोन वायरींना हलकेच जोडून टाकतं. पूर्ण शॉर्ट होत नाही, पण समजा मधे २० हजार ओहमची वाट तयार झाली. ऐकायला २० हजार म्हणजे खूप वाटतं. हिशोब करून बघा: कार्डाला १६८५ दिसण्यासाठी सेंसरला आता १८४० ओहमपर्यंत जावं लागतं, म्हणजे प्रत्यक्ष तापमान २२२ अंश. तुम्ही १८० लावलेत आणि केक २२२ ला भाजला जातोय. कड करपणार, मधे कच्चं राहणार. गळती १० हजारावर आली तर हाच ओव्हन २७० च्याही पुढे जातो. आणि तापून वायरी सरकल्या, एकमेकींना पूर्ण टेकल्या, की कार्डाला शॉर्ट दिसतो आणि ते एरर देऊन थांबतं. गार झाल्यावर वायरी सुटतात, ओव्हन परत चालू. तुमची दोन्ही लक्षणं या एका कारणात बसतात. मेकॅनिकने सेंसर बदलला, पण जुनी वायर तशीच ठेवली असणार.

ओव्हन उघडण्याआधी मात्र खात्री करा की तो खरंच जास्त तापतोय. पहिलं, मोड बघा. पंख्याच्या मोडवर त्याच आकड्याला जास्त भाजलं जातं, म्हणून पंखा लावला की रेसिपीपेक्षा २० अंश कमी ठेवायचे असतात. दुसरं, खालचा हीटर गेला असेल तर वरून काळं आणि बुडाला पांढरं असं होतं. तुमच्याकडे कडाही करपतात, म्हणून मला तसं वाटत नाही, पण एका ट्रेवर ब्रेडच्या स्लाइस पसरून दोन्ही बाजूंचा रंग बघायला काही खर्च नाही. तिसरं, तापमान मोजा. डायलचा ओव्हन थर्मामीटर चालेल. त्याहून बरं म्हणजे के-टाइप थर्मोकपल. तापमान मोजणाऱ्या बऱ्याच स्वस्त मल्टीमीटरसोबत ती मण्याच्या टोकाची वायर मिळते. टोक मधल्या जाळीवर, पत्र्याला न टेकवता ठेवा आणि दार लावा. दाराच्या रबरात ती बारीक वायर सहज मावते. इन्फ्रारेड गन मात्र वापरू नका. चकचकीत स्टीलवर ती हमखास कमी आकडा दाखवते, आणि त्यावर विसंबून बरेच लोक चुकीच्या दिशेला जातात.

मोजताना पहिल्या उसळीवर जाऊ नका. प्रीहीटच्या शेवटी चांगला ओव्हनही ठरलेल्या आकड्याच्या वर जातो. अर्धा तास जाऊ द्या, मग हीटर लागतो-बंद होतो अशा चार-पाच फेऱ्यांतला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा लिहा आणि मधला काढा. घरच्या ओव्हनमध्ये दहा-पंधरा अंशांचं वरखाली नेहमीचं आहे. सरासरी १८० च्या दहा अंशांत असेल तर ओव्हन ठीक आहे. थर्मामीटर मिळत नसेल तर फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर ठेवा. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. ओव्हन १७५ वर ठेवून पंधरा मिनिटांत साखरेचं पाणी झालं, तर तो नक्की जास्त तापतोय.

आता उघडायचं. एमसीबी खाली पाडा, प्लग काढता येत असेल तर काढा, आणि ओव्हन पूर्ण गार होऊ द्या. ओव्हन चालू असताना सेंसरच्या वायरींना मीटर लावायचं नाही. काही कार्डांमध्ये हा भाग मेन्सपासून वेगळा केलेला नसतो, त्यामुळे साध्या दिसणाऱ्या त्या दोन वायरींवरही २३० व्होल्टचा झटका बसू शकतो. कपाटातला ओव्हन जड असतो. दार उघडल्यावर चौकटीच्या बाजूला दिसणारे स्क्रू काढून तो दोघांनी मिळून बाहेर घ्या. हे जमणार नसेल तर मेकॅनिककडूनच करून घ्या, पण समोर उभ्या राहा आणि पुढचे आकडे कागदावर लिहून घ्या.

मागचा पत्रा काढला की सेंसरच्या नळीची शेपटी आणि तिचा कनेक्टर दिसेल. कनेक्टर सोडवा. मीटर २ हजार ओहमच्या रेंजला ठेवून सेंसरच्या दोन पिनांवर लावा. खोलीचं तापमान २८ असेल तर ११०९ च्या आसपास आकडा हवा, ११०० ते १११८ काहीही चालेल, कारण स्वस्त मीटरचीच तेवढी चूक असते. ५५५ च्या आसपास दिसले तर सेंसर पीटी ५०० आहे. तुमच्या ओव्हनला मुळात तोच असेल तर ठीक, नाहीतर चुकीचा पार्ट बसलाय. मात्र तसं असतं तर कार्डाने पहिल्याच दिवशी आरडाओरडा केला असता. मग एक पिन आणि नळीचं स्टील यांच्यात मोजा. मीटरने काहीच दाखवता कामा नये, सगळ्यात मोठ्या रेंजवरही नाही. तिथे आकडा आला तर नळीत ओल आहे. सेंसरवर अजूनही शंका असेल तर तो काढून त्याचं फक्त स्टीलचं टोक बर्फाच्या पाण्यात धरा, १००० यायला हवेत. उकळत्या पाण्यात १३८० च्या आसपास. पुण्यासारख्या उंचीवर पाणी ९८ अंशांना उकळतं, म्हणून तिथे १३७७ आला तर बरोबरच आहे. वायरीचा शेवट भिजू देऊ नका.

यानंतरची मोजणी बहुतेक मेकॅनिक करत नाहीत, आणि खरी गोष्ट तिथेच कळते. सेंसरचा कनेक्टर परत जोडा. मग कार्डाजवळ जाऊन सेंसरच्या वायरींचा प्लग कार्डातून काढा आणि तिथून मोजा. सेंसरपाशी ११०९ आणि कार्डाच्या टोकाला ११०९, तर वायर चांगली. कार्डाच्या टोकाला जास्त आकडा आला तर जोड खराब. कमी आला, समजा १०५१, तर मधे त्याच २० हजार ओहमची गळती आहे. कार्डाला खोलीत १३ अंशांची थंडी आहे असं वाटतंय. शेवटी वायर दोन्ही टोकांना मोकळी करा, म्हणजे सेंसरही जोडलेला नाही आणि कार्डही नाही. मीटर सगळ्यात मोठ्या रेंजला ठेवून दोन वायरींमध्ये मोजा. काहीही आकडा दिसला तर दोष सापडला. दिसला नाही तर लगेच सोडू नका, कारण तुमचा दोष तापल्यावर उमटणारा आहे. मीटर लावलेला ठेवून वायरीची लांबी हेअर ड्रायरने हळूहळू तापवत जा, आणि पत्र्याच्या कडांजवळ ती थोडी हलवत जा. आकडा चमकला की ती जागा खुणेने लक्षात ठेवा. तिथे आवरण काळं, कडक झालेलं किंवा उंदराने कुरतडलेलं दिसेल.

दुरुस्तीत काटकसर करू नका. इन्सुलेशन टेप लावून ही वायर नीट होत नाही. साधा काळा पीव्हीसी टेप शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच. डागकामही नको, शिशाचं सोल्डर १८३ अंशांपासून वितळायला लागतं. दोन्ही वायरी पूर्ण लांबीच्या, टेफ्लॉनच्या किंवा ग्लास फायबरच्या घ्या, उष्णता सहन करणारे थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोप्या) नीट दाबून बसवा, वरून ग्लास फायबरची स्लीव्ह चढवा. नवी वायर हीटरच्या टोकांपासून आणि ओव्हनच्या तापलेल्या भिंतीपासून लांबून, कडेच्या क्लिपांमधून न्या. जुनी गेली त्याच वाटेने नेली तर तीही त्याच कारणाने जाईल. काही शे रुपयांचं काम आहे हे.

वायर निर्दोष निघाली तर कार्डाकडे वळण्याआधी दोन गोष्टी राहतात. एक म्हणजे नवा सेंसर नीट बसलाय का. त्याचं टोक भट्टीच्या आत, हवेत हवं, भिंतीला न टेकलेलं. एका स्क्रूवर किंवा स्प्रिंग क्लिपवर बसतो तो, आणि मोठा ट्रे ढकलला की मागे सरकतो. टोक भिंतीच्या मागे, ग्लासवूलमध्ये गेलं, की त्याला आतल्यापेक्षा थंड हवा लागते आणि ओव्हन भडकतो. फॉइलने झाकला गेला तरी तेच. तेलाचा थर चढलेला सेंसर साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, ओव्हन क्लीनरचा फवारा त्यावर मारू नका.

दुसरी गोष्ट रिले. कार्डावर हीटर लावणारा-बंद करणारा छोटा डबा असतो. त्याचे पॉइंट ठिणग्यांनी चिकटले की कार्डाने बंद केलं तरी हीटर चालूच राहतो. हे बाहेरूनच ओळखता येतं. फ्रिज, गीझर, एसी बंद करा आणि वीजमीटरवरचा लाल दिवा बघा. मीटरवर एका युनिटला किती लुकलुक हे छापलेलं असतं. ते ३२०० असेल तर २००० वॉटचा हीटर चालू असताना दिवा सेकंदाला जवळपास दोनदा लुकलुकतो, आणि हीटर बंद झाला की एकदम मंदावतो. ओव्हनवरचं हीटिंगचं चिन्ह विझलं तरी दिवा तसाच धावत असेल, तर रिले चिकटलाय. मग ओव्हन वापरू नका, एमसीबीवर बंद करून ठेवा. यातही पूर्ण कार्ड घ्यायची गरज नसते. इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणारा कारागीर फक्त रिले बदलून देतो.

आता उरतं कार्ड. त्याची परीक्षा मेकॅनिककडून तुमच्यासमोर करून घ्या. सेंसरच्या जागी १५०० ओहमचा, एक टक्क्याचा साधा रेझिस्टर लावायचा. तो दोन-चार रुपयांना मिळतो. आता कार्डाला कायम १३० अंश दिसणार. १०० वर लावलं तर हीटर लागता कामा नये, १६० वर लावलं तर लागलाच पाहिजे. तसं झालं तर कार्ड तापमान बरोबर वाचतंय आणि त्याला दोष देता येत नाही. ही परीक्षा अर्ध्या मिनिटात संपवायची आणि रेझिस्टर काढून टाकायचा, कारण तो असेपर्यंत १६० वर लावलेला हीटर आपणहून कधीच बंद होणार नाही. काही ओव्हनच्या सेटिंगमध्ये तापमान काही अंश वरखाली करायची सोय असते, अमेरिकेतल्या ओव्हनमध्ये तर ती सर्रास असते. पण ती सोय चांगल्या ओव्हनची बारीक जुळवणी करायला आहे. गळती असताना आकडा ४० ने कमी करून काम चालवलंत तर पुढच्या पावसाळ्यात, हवा दमट झाली की, फरक आणखी वाढेल आणि अंदाज पुन्हा चुकेल.

इतर वाचकांसाठी एक खुलासा. काउंटरवरच्या, फिरवायच्या बटणांच्या साध्या ओटीजीमध्ये हा सेंसर नसतो. तिथे बटणामागेच यांत्रिक थर्मोस्टॅट असतो आणि त्याचे पॉइंट जळतात किंवा चिकटतात. तो अख्खा बदलतात, वरचे आकडे त्याला लागू नाहीत. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये एनटीसी जातीचा सेंसर असतो, त्याचा रोध तापल्यावर वाढण्याऐवजी उतरतो. म्हणून तिथे सैल जोडाने ओव्हन भडकतो आणि गळतीने फिका राहतो, सगळं उलटं. पण मायक्रोवेव्हचं झाकण घरी उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर दोन हजार व्होल्टच्या पुढे दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. त्यात जीव जाऊ शकतो.

ताई, ऑर्डरींची घाई असेल तर दुरुस्ती होईपर्यंत ओव्हन चालवायचाच झाला तर थर्मामीटर आत ठेवून, नजरेसमोरच चालवा, आणि एरर एकदा जरी आला तरी त्या दिवसापुरता एमसीबी बंद. मेकॅनिकला बोलावताना एवढंच सांगा: सेंसरपाशी किती ओहम, कार्डाच्या टोकाला किती, आणि मोकळ्या वायरींमध्ये किती. हे तीन आकडे आणि त्या वेळचं खोलीचं तापमान मला लिहून पाठवा, मी पुढचं सांगतो.